'समन्वयक' म्हणजे नेमके कोण?

एका वाचकाचे दीर्घ पत्र आले आहे. त्याचा सारांश, शक्य तितका त्यांच्याच शब्दांत, येथे देते.

"आदरणीय सर, मी एका कारखान्याच्या खरेदी विभागाचा प्रमुख आहे. नोकरीची तीस वर्षे पूर्ण होत आली. गेल्या महिन्यात एका नव्या यंत्रणेच्या खरेदीसंबंधी पुरवठादार कंपनीबरोबर बैठक होती. त्यांच्याकडून दोघे आले : चाळिशीतल्या एक महिला आणि पंचविशीतला एक तरुण. आधी आलेल्या ईमेलमध्ये महिलेचे पद 'प्रकल्प समन्वयक' आणि तरुणाचे 'अभियंता' असे लिहिले होते. मी त्या महिलेला बैठकीच्या नोंदी घेण्याची विनंती केली आणि वीस मिनिटे सगळे तांत्रिक प्रश्न तरुणाला विचारत राहिलो. तो अडखळत होता आणि दर वेळी त्यांच्याकडे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, 'ही यंत्रणा मॅडमनीच आखली आहे. मी प्रशिक्षणार्थी आहे, मला रुजू होऊन दोन महिने झाले.' मी अतिशय ओशाळलो. सर्वांसमोर त्यांची पुन्हा पुन्हा माफी मागितली, माझ्या दोन्ही मुली इंजिनिअर आहेत हेही सांगितले. 'असू द्या, होते असे,' एवढेच म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. त्यावर कडी म्हणजे, नंतर आमच्या कार्यालयाने जे इतिवृत्त पाठवले त्यात त्या तरुणाचे नाव 'श्री.' लावून, आडनावासह आणि पदासह वर होते, आणि त्या महिलेचे नुसते पहिले नाव खाली होते. हे माझ्या एका सहकारी महिलेने दाखवून दिले.

मी माणसाला पदावरून ओळखतो, स्त्री की पुरुष हे पाहत नाही. त्यांचे पदनामच संदिग्ध होते, म्हणून हा घोटाळा झाला असे मला वाटते. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून जे समन्वयक येत असत, ते फार जाणकार गृहस्थ होते. त्यांच्या बाबतीत असे कधी झाले नाही. मग मी पूर्वग्रहदूषित आहे का? त्यांना फोन करून पुन्हा माफी मागावी का? आणि आमच्याकडे पदनामांची नवी यादी तयार होत आहे, तिच्यात स्त्रियांसाठी वेगळी रूपे ठेवावीत की नकोत?"

नमस्कार. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओघात, स्वतःच्या बचावासाठी लिहून गेला आहात. दुसऱ्या कंपनीकडून येणारे समन्वयक 'जाणकार गृहस्थ' होते आणि त्यांच्या बाबतीत घोटाळा झाला नाही. म्हणजे 'समन्वयक' हा शब्द आपल्याला नवा नव्हता. एका पुरुषाच्या नावापुढे तो आला तेव्हा आपण त्याचा अर्थ 'ज्याच्या हाती प्रकल्पाची सगळी सूत्रे आहेत तो' असा लावला, आणि एका स्त्रीच्या नावापुढे तोच शब्द आला तेव्हा 'जी बैठकीची वेळ ठरवते आणि नोंदी घेते ती' असा लावला. पदनाम संदिग्ध होते ही आपली तक्रार अर्धी खरी आहे, आणि त्या अर्ध्या भागाकडे मी पुढे येते. परंतु संदिग्ध शब्दाचा अर्थ दोन्ही वेळा आपणच पूर्ण केलात, आणि तो पूर्ण करताना आपल्यासमोर शब्दाखेरीज आणखी एकच गोष्ट होती : तो धारण करणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष.

पदावरून माणूस ओळखणे हा न्याय्य मार्ग आहे असे आपण मानता, कारण पद हे एखाद्या मापाच्या भांड्यासारखे सर्वांना सारखेच असते अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात हे माप हातागणिक लहानमोठे होते. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या पत्राला इतका नेमका लागू पडतो की तो थोडा सविस्तर सांगते. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी दोन उमेदवार कल्पिले होते. एकाकडे औपचारिक शिक्षण होते, दुसऱ्याकडे रस्त्यावरच्या कामाचा कस होता. काही परीक्षकांना शिक्षित उमेदवार पुरुष म्हणून दाखवला, काहींना स्त्री म्हणून. शिक्षित उमेदवार पुरुष असला की परीक्षकांना या पदासाठी शिक्षण फार महत्त्वाचे वाटे. शिक्षित उमेदवार स्त्री असली की त्याच शिक्षणाचे महत्त्व कमी होई. 'मला स्त्री नको' असे कोणी म्हणत नव्हते. प्रत्येक जण निकषाविषयीच बोलत होता, फक्त निकष आपल्याला हव्या त्या उमेदवाराच्या अंगाला बेतून घेत होता. याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष आपण लक्षात ठेवावेत अशी माझी विनंती आहे. पहिला असा की, आपण वस्तुनिष्ठ आहोत असे ज्यांना ठामपणे वाटत होते, त्यांच्या निर्णयांत पक्षपात कमी नव्हता, उलट अधिक होता. दुसरा असा की, उमेदवार स्त्री आहे की पुरुष हे कळण्यापूर्वीच निकषांचे महत्त्व ठरवून टाकायला लावले, तेव्हा हा भेद नाहीसा झाला. आपल्या 'मी स्त्री-पुरुष पाहत नाही' या वाक्याची मला काळजी वाटते ती पहिल्या निष्कर्षामुळे, आणि आपल्याविषयी आशा वाटते ती दुसऱ्यामुळे.

तर, आपण पूर्वग्रहदूषित आहात का? त्या वीस मिनिटांत आपले वागणे पूर्वग्रहाचे होते. यावरून आपण वाईट माणूस ठरता असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मग चांगली माणसे फारच थोडी उरतील, आणि त्यांत स्त्रियाही नसतील. २०१२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज, शब्दही न बदलता, विज्ञान विषयांच्या १२७ प्राध्यापकांकडे पाठवला गेला. काहींच्या प्रतीवर 'जॉन' हे नाव होते, काहींच्या प्रतीवर 'जेनिफर'. जॉन अधिक सक्षम ठरला. त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर होता आणि जेनिफरला सुचवलेला २६,५०८ डॉलर. महिला प्राध्यापकांचे मूल्यमापनही पुरुष प्राध्यापकांहून वेगळे नव्हते. माझे म्हणाल, तर एकदा रुग्णालयात एका नातेवाइकाच्या खाटेजवळ बसलेली असताना, फाइल चाळत उभ्या असलेल्या तरुणीला मी 'सिस्टर, डॉक्टर कधी येतील?' असे विचारले होते. त्या 'आलेच आहेत' म्हणाल्या आणि त्यांनी रुग्णाची नाडी पाहायला घेतली.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती वाचताना आपण पुन्हा ओशाळू नये. आपण मला 'सर' असे संबोधले आहे. या सदरावर माझी केवळ आद्याक्षरे आणि 'सल्लागार' हा शब्द छापला जातो, हे खरे. परंतु मराठी क्रियापद काही लपवत नाही, आणि 'सांगते', 'लिहिते', 'सुचवते' असे मी वर्षानुवर्षे लिहीत आले आहे. तरीही मला 'सर' म्हणणारी पत्रे नियमित येतात. त्यांत एक गंमत मी पाहत आले आहे. 'सर' म्हणून लिहिणारे वाचक बहुधा नियम काय, हक्क काय, पुढचे पाऊल कोणते, असे विचारतात. आणि ज्यांच्या लक्षात मी स्त्री असल्याचे आलेले असते ते 'ताई' म्हणतात आणि मन कसे सावरावे हे विचारतात. सल्लागार एकच, सदर एकच. मात्र प्रश्न निघतानाच कोणत्या दाराशी जायचे हे ठरवून निघालेला असतो. आपण त्या महिलेला एकही तांत्रिक प्रश्न विचारला नाही. त्या त्याचे उत्तर देऊ शकणार नाहीत असा विचार आपण केला, असे मला वाटत नाही. प्रश्न त्यांच्या दिशेने वळलाच नाही, आणि मला वाटते अशा चुकीचे हेच अवघड अंग आहे : पश्चात्ताप करावा असा एखादा विचार मनात सापडत नाही, कारण विचार झालेलाच नसतो.

पदनामांना अशी बरीवाईट कीर्ती येते कोठून? बऱ्याचदा ते काम आधी कोण करत होते यावरून. 'कंप्युटर' हे एके काळी यंत्राचे नाव नव्हते. हाताने गणिते करणाऱ्या माणसांचे ते पदनाम होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते काम मोठ्या प्रमाणात स्त्रिया करत. त्यांच्यातूनच निवडलेल्या ६ जणींनी 'एनियाक' या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर गणिते चढवली. यंत्र बांधणे हे अभियंत्यांचे बुद्धीचे काम आणि त्याला गणित समजावणे हे कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत होती. १९४६ च्या फेब्रुवारीत ते यंत्र जगासमोर मांडले गेले, तेव्हा प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम ज्यांनी तयार केला त्या स्त्रियांची ओळखही करून दिली गेली नाही. पुढे तेच काम पुरुषांच्या हाती गेले आणि प्रोग्रॅमर या पदाला प्रतिष्ठा आली. काम तसेच अवघड होते. तेव्हा 'समन्वयक' या शब्दाचा जो हलका अर्थ आपल्या मनात आला, तो आपण निर्माण केलेला नाही, आपल्याला तयारच मिळाला आहे. तो वापरायचा की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

त्या तरुणाविषयी आपण पत्रात फारसे लिहिलेले नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. त्याला दोन महिन्यांच्या अनुभवावर वीस मिनिटांचा विश्वास आगाऊ मिळाला. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी परिचर्या, प्राथमिक शिक्षण, ग्रंथपालन आणि समाजकार्य या, स्त्रियांच्या मानल्या जाणाऱ्या क्षेत्रांत काम करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. या पुरुषांना बढतीसाठी धडपडावे लागण्याऐवजी, काचेच्या सरकत्या जिन्यावर उभे असल्यासारखे वर ढकलले जात असल्याचे त्यांना आढळले. कामाच्या ठिकाणी ते वरिष्ठ मानले जात आणि बाहेरचे लोक मात्र 'पुरुष असून हे काम?' म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहत. आपला प्रशिक्षणार्थी त्या जिन्यावर उभा होता, आणि वीस मिनिटांनी का होईना, स्वतःहून खाली उतरला. आपली चूक त्याने उघड केली म्हणून त्याच्याविषयी मनात किंचितही अढी राहिली असेल, तर ती काढून टाकावी. अनेक जण गप्प बसतात, आणि वरिष्ठ स्त्रीला स्वतःच्या तोंडाने स्वतःचे पद सांगावे लागते, जे पुरुषाने सांगितले तर परिचय ठरते आणि स्त्रीने सांगितले तर तोरा.

आता आपला तिसरा प्रश्न आधी घेते. स्त्रियांसाठी 'समन्वयिका', 'व्यवस्थापिका' अशी रूपे ठेवावीत का? याला सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही, आणि असे उत्तर देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. इटालियन भाषेत जुन्या वळणाचा स्त्रीवाचक प्रत्यय लावलेले पदनाम असले की त्या स्त्रीचा व्यावसायिक दर्जा वाचकांना कमी वाटतो, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. उलट, जर्मन आणि डच बोलणाऱ्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांना पुरुषी समजल्या जाणाऱ्या व्यवसायांची नावे स्त्रीवाचक आणि पुरुषवाचक अशा दोन्ही रूपांत सांगितली, तेव्हा ती कामे आपल्यालाही जमतील असा त्यांचा विश्वास वाढला, असे २०१५ चा अभ्यास सांगतो. म्हणजे वेगळे रूप कोठे दर्जा उतरवते, तर कोठे दार उघडते. मराठीत 'लेखिका', 'शिक्षिका', 'संचालिका' ही रूपे इतकी रुळली आहेत की ती कानाला खटकत नाहीत. 'डॉक्टर', 'वकील', 'न्यायाधीश' हे शब्द दोघांनाही चालतात आणि लिंग क्रियापद सांगते. माझे मत असे की, जेथे रुळलेले रूप आहे तेथे त्या पदावरील स्त्रियांना विचारावे आणि त्या म्हणतील ते लिहावे. 'महिला अभियंता', 'महिला अधिकारी' अशी विशेषणे मात्र यादीतून काढून टाकावीत. 'पुरुष अभियंता' असे आपण कधी लिहीत नाही, कारण अभियंता म्हटल्यावर पुरुष गृहीतच असतो. 'महिला' हे विशेषण त्या गृहीतकालाच दुजोरा देते. 'पुरुष परिचारक' हीदेखील त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे.

ही यादी संगणकात जाणार असेल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी. २०१५ मध्ये ब्रिटनमधील एका व्यायामशाळेत एका महिला डॉक्टरला स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत प्रवेश मिळेना. चौकशीअंती कळले की, त्या संगणक प्रणालीत 'डॉक्टर' ही उपाधी पुरुषांची म्हणून नोंदवलेली होती. बैठकीत तुमच्यासारख्या माणसाने केलेली चूक त्याच बैठकीत उघडकीस येते; यादीत शिरलेली चूक वर्षानुवर्षे कोणाच्याही नकळत काम करत राहते.

आणि पदनामांच्या संदिग्धतेविषयीची आपली तक्रार, जी मी अर्धी मान्य केली होती, ती या यादीत सार्थकी लावता येईल. 'समन्वयक', 'सहायक', 'कार्यकारी' अशा, रिकाम्या जागेसारख्या शब्दांपुढे त्या पदाकडे कोणते निर्णय आहेत हे एका वाक्यात लिहून ठेवा. जेथे अर्थ लिहिलेला नसतो तेथे वाचणारा आपल्या सवयीने तो भरतो, आणि ही सवय काय भरते हे आपण पाहिले आहे. तसेच, यापुढे बाहेरच्या कोणाबरोबर बैठक ठरेल तेव्हा 'तांत्रिक बाबींवर कोण बोलणार आणि अंतिम निर्णय कोणाचा' हे आधीच लेखी विचारून घ्या, प्रत्येकाने आपला परिचय स्वतः करून द्यावा असा आरंभ ठेवा, आणि नोंदी आपल्याच विभागातील माणसाने, पाळीपाळीने घ्याव्यात. त्या पाळीत आपलेही नाव असावे. पाहुण्यांपैकी कोणाला, तेही आपल्या बैठकीच्या, नोंदी घ्यायला सांगणे हे स्त्री-पुरुषाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी विचित्रच होते, आणि आपल्याला ते विचित्र वाटले नाही, यातच बरेच काही आले.

आता माफीविषयी. फोन करू नये. आपण सर्वांसमोर पुन्हा पुन्हा माफी मागितलीत तेव्हा त्या महिलेला आपली समजूत घालण्याचे काम करावे लागले. 'असू द्या' हे शब्द त्यासाठीच होते. यंत्रणा त्यांनी आखली, अपमान त्यांनी सोसला आणि सांत्वनही त्यांनीच केले. मुलींचा उल्लेख तर मुळीच करायला नको होता. आपल्या मुली इंजिनिअर आहेत ही अभिमानाची गोष्ट आहे, परंतु समोर बसलेल्या इंजिनिअरला ओळखण्याच्या कामी ती उपयोगी पडली नाही, हे त्या महिलेने आपल्यादेखत नुकतेच पाहिले होते. शिवाय आपण ग्राहक आहात. आपला फोन आला की त्यांना मनातले बोलण्याची मुभा नाही. त्या पुन्हा 'असू द्या' म्हणतील, आणि आपल्या मनाला शांतता मिळेल. ही शांतता त्यांच्या वेळातून घेऊ नये.

त्यांना जे येणे आहे ते कागदावर आहे. इतिवृत्त चुकीचे गेले आहे, आणि ती चूक बैठकीतल्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकणारी आहे. उद्या आपल्या वरिष्ठांपैकी किंवा लेखा विभागातील जो कोणी ते वाचेल, त्याला या यंत्रणेचा जाणकार म्हणून तो तरुणच दिसेल. नावांचे असे उतरणे किरकोळ समजू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय संस्थेतील व्याख्यानांच्या चित्रफिती तपासल्या होत्या. व्याख्यात्याची ओळख करून देणारा पुरुष असला, तर त्याने पुरुष व्याख्यात्याला ७२.४ टक्के वेळा 'डॉक्टर' ही उपाधी लावली, आणि स्त्री व्याख्यातीला ४९.२ टक्के वेळा. ओळख करून देणाऱ्या स्त्रिया मात्र सुमारे ९६ टक्के वेळा उपाधी लावत. ज्यांची नावे अशी उपाधीविना उच्चारली गेली, त्या सर्व जणी तितक्याच शिकलेल्या होत्या. आपल्या इतिवृत्तात आडनाव गळले, पद गळले, क्रम उलटला, आणि यांतले काहीही कोणी मुद्दाम केले नव्हते.

तेव्हा दुरुस्त इतिवृत्त पाठवा, पहिल्या ईमेलच्या सर्व प्राप्तकर्त्यांना, आणि सोबत एवढाच मजकूर ठेवा : "दिनांक अमुकच्या बैठकीच्या इतिवृत्तात उपस्थितांची नावे, पदे आणि तांत्रिक उत्तरांची नोंद चुकीची झाली होती. दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे. या प्रकल्पासंबंधीचा पुढील पत्रव्यवहार थेट प्रकल्प समन्वयकांशी करण्यात येईल." क्षमायाचना नको, खुलासा नको. महिलेचे पूर्ण नाव लिहा आणि त्यापुढे 'सौ.' किंवा 'कु.' लावू नका, 'श्री.' वरून त्या तरुणाच्या विवाहाची चौकशी कोणी करू शकत नाही, मग त्यांच्या नावातूनही ती होऊ नये. प्रत पाठवण्यापूर्वी प्रत्येक तांत्रिक उत्तर प्रत्यक्षात कोणी दिले होते हे आपल्या त्या सहकारी महिलेबरोबर बसून ताडून पाहा, कारण आपली आठवणही त्या दिवशी तरुणाकडेच तोंड करून बसली होती. आणि तरुणाचे पद 'अभियंता' असे न ठेवता, 'प्रशिक्षणार्थी अभियंता' असे लिहा. त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे.